मागणीचे नग आणि पैशांची मुदत

कोल्हापुरच्या फौंड्रींत गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगबरहुकूम ओतलेला भाग दुसऱ्या कोणाच्याही उपयोगीं पडत नाहीं. गिऱ्हाइकानें पाठ फिरविली कीं त्यास भंगाराची किंमत. साच्याचा खर्च तर 10 नग ओता कीं 1000 ओता, तेवढाच. असें असतां थोडे नग हजारांच्या दरानें मागावयाचे आणि पैसे महिनोन् महिने थकवावयाचे, ही रीत व्यापारी नीतीस धरून आहे काय?

सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार नसल्यास माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत व करार असला तरी फार तर 45 दिवसांत दिलेच पाहिजेत, असें 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. कसूर झाल्यास बँक-दराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज. कायदा चोख आहे. परंतु पुढील मागणी हातची जाईल या धास्तीनें फिर्यादीस उभा कोण राहणार?

म्हणून आमचें कारखानदारांस सांगणें कीं, साच्याचा खर्च वेगळा मांडून आगाऊ घ्यावा, कमींत कमी नग व पैशांची मुदत मागणीपत्रांतच लिहून घ्यावी, आणि हें एकेकट्यानें न करतां संघानें करावें. खरेदीदारांनींही ध्यानांत ठेवावें कीं, उपाशी बैलाकडून नांगरट होत नाहीं.