बिघडलेला परिपथही शिकवा

एका जुन्या मोटारीच्या मागच्या डाव्या दिव्याची लक्षणे आधी सांगतो. रात्री साइड लाइट लावले, की हा दिवा नीट लागतो. दिवसा, साइड लाइट बंद असताना ब्रेक दाबला, तर तो लागतो खरा, पण साइड लाइटइतकाच मिणमिणता. आणि साइड लाइट लावून ब्रेक दाबला, की हा पठ्ठ्या चक्क विझतो! गाडी थांबते आहे हे मागून येणाऱ्याला सांगायची जी नेमकी वेळ, त्याच वेळी अंधार. उजवा दिवा मात्र तिन्ही वेळा शहाण्यासारखा वागतो.

ओहमचा नियम पाठ असलेल्या किती विद्यार्थ्यांना हे कोडे सुटेल? माझा अनुभव असा, की पदवीच्या वर्गातही फार थोड्यांना सुटते. व्हीट्स्टनच्या सेतूचे गणित न अडखळता करणारी मुले इथे म्हणतात, “सर, बल्ब बदलून पाहू.” दोष मुलांचा नाही. आपण त्यांना आयुष्यभर निरोगी परिपथच दाखवत आलो आहोत. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला फक्त धडधाकट माणसे दाखवून डॉक्टर करावे, तसा हा प्रकार आहे.

आता कोडे सोडवू. मोटारीत विजेला जायला वायर असते. परत यायला बहुधा गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरतात. बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. यालाच गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात. जमिनीशी त्याचा काही संबंध नसतो. मागच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तंतू असतात : ब्रेकचा 21 वॅटचा आणि साइड लाइटचा 5 वॅटचा. दोघांची परतीची वाट एकच, म्हणजे होल्डरमधून सांगाड्याकडे. आमच्या डाव्या दिव्याची हीच वाट गंजाने बंद झाली आहे. बाकी सगळे ठीक आहे.

साइड लाइट लावले, की वीज 5 वॅटच्या तंतूत शिरते. परतीची वाट बंद, म्हणून ती त्याच बल्बातल्या ब्रेकच्या तंतूतून उलटी वर चढते, ब्रेकच्या वायरने उजव्या दिव्याकडे जाते आणि तिथल्या ब्रेकच्या तंतूतून सांगाड्यात उतरते. तापलेल्या 5 वॅटच्या तंतूचा रोध सुमारे 29 ओहम. 21 वॅटचा तंतू तापल्यावर सुमारे 7 ओहम असतो, पण थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. असे दोन थंड तंतू वाटेत आले तरी जेमतेम दीड ओहमची भर. म्हणून साइड लाइट जवळजवळ पूर्ण तेजाने लागतो, आणि पाहणाऱ्याला वाटते, दिवा उत्तम आहे.

नुसता ब्रेक दाबला, तर प्रवास उलट दिशेने होतो : ब्रेकच्या तंतूतून साइड लाइटच्या तंतूत, आणि पुढे गाडीच्या इतर साइड लाइटांतून सांगाड्याकडे. हे इतर दिवे एकमेकांना समांतर, शिवाय थंड. त्यांचा एकत्रित रोध नगण्य. बहुतेक सारे विभवांतर आमच्या 5 वॅटच्या तंतूवर पडते आणि तोच एकटा लागतो. दोन्ही बटणे चालू केली, तर दोन्ही तंतूंच्या बाहेरच्या टोकांना सारखेच 12 व्होल्ट. विभवांतर शून्य, प्रवाह शून्य, दिवा गुल. तिन्ही लक्षणे एकाच गंजलेल्या सांध्याची. उपाय म्हणजे पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि पाच मिनिटे. तर्क न करता दुरुस्ती करणारा मात्र आधी बल्ब बदलेल, मग ब्रेकचा स्विच, मग वायर. आणि पैसे मोजणाऱ्याला वाटेल, जुनी गाडी म्हणजे अशीच.

पाठ्यपुस्तकातल्या वायरीला रोध नसतो आणि सांधा तर नसतोच. असते ती एक सरळ रेघ. जुन्या गाडीत निम्मी भानगड त्या रेघेतच असते. समजा, 55 वॅटचे दोन हेडलाइट आहेत. 12 व्होल्टला त्यांना मिळून सुमारे 9 अँपिअर प्रवाह लागतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा सगळा प्रवाह थेट डिपरच्या स्विचमधून जातो. त्या स्विचचे कॉन्टॅक्ट झिजून तिथे फक्त 0.2 ओहम रोध तयार झाला, तर दिव्यांपर्यंत सुमारे 10.4 व्होल्टच पोचतात. दीड व्होल्ट गेले, त्यात काय, असे वाटेल. पण तंतूच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टच्या प्रमाणात घटत नाही; तो साधारणपणे व्होल्टच्या साडेतीनाव्या घाताच्या जवळपास बदलतो. म्हणजे प्रकाश उरला साठ टक्क्यांच्या आसपास. शिवाय त्या स्विचमध्ये बारा-साडेबारा वॅट उष्णता निर्माण होते. स्विच हाताला गरम लागतो तो यामुळे; आणि गरम सांधा आणखी लवकर खराब होतो.

मल्टिमीटर आता स्वस्त झाला आहे. त्याबद्दल थोडे कडू बोलायचे आहे. मीटर लावला, 12 व्होल्ट दिसले, म्हणजे वायर ठीक, असे मुले धरून चालतात. अंकीय मीटरचा स्वतःचा रोध बहुधा 10 मेगओहम असतो. वाटेत 100 ओहमचा गंज असला, तरी त्याला पूर्ण 12 व्होल्टच दिसतात, कारण तो प्रवाह जवळजवळ घेतच नाही. तिथेच 5 वॅटचा बल्ब लावून पाहा. लाल निखाऱ्याइतकाही तो पेटणार नाही. गॅरेजमधला अर्धशिक्षित म्हणून हिणवला जाणारा मिस्त्री दोन वायरी जोडलेला बल्ब घेऊन हिंडतो, तो अडाणीपणाने नव्हे. तो परिपथाला ओझे देऊन प्रश्न विचारतो. मीटर वापरायचाच असेल, तर दिवा चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि दिव्याचे होल्डर यांच्यामध्ये लावावा. तिथे एखादा व्होल्ट दिसला, तर चोर परतीच्या वाटेवर आहे हे नक्की.

हा नुसता बुद्धीचा खेळ नाही. उसाच्या हंगामात रात्री आपल्याकडच्या रस्त्यांवरून गेलेल्यांना ठाऊक आहे, की लादलेल्या ट्रॉलीचा मागचा भाग अंधारात केवढ्या जवळ आल्यावर दिसतो. कित्येक ट्रॉल्यांना दिवेच नसतात. त्याला भौतिकशास्त्र काही करू शकत नाही. पण दिवे बसवूनही परतीची वेगळी वायर टाकली नसेल आणि सगळी भिस्त ट्रॅक्टर व ट्रॉली जोडणाऱ्या पिनेवर असेल, तर चिखल, ग्रीस आणि गंज यांतून वीज कधी जाईल, कधी नाही. खड्ड्यात दिवा मिचमिचतो तो म्हणूनच. एका वायरीचा हा प्रश्न आहे, आणि त्या घरातले पोर आपल्याच वर्गात बसलेले असते.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठे? मला हे पटत नाही. रोधांची एकसर आणि समांतर जोडणी आपण शिकवतोच, आणि वरचे कोडे त्याहून वेगळे काही मागत नाही. एका फळीवर 21/5 वॅटचे दोन बल्ब होल्डरसह बसवा, दोन स्विच लावा, बॅटरीच्या धन टोकालगत 10 अँपिअरचा फ्यूज घाला. मग मुले येण्याआधी एका सांध्यात कागदाचा कपटा सरकवून ठेवा. प्रात्यक्षिकाच्या वहीत आलेख मागू नका. मुलाने काय संशय घेतला, तो तपासायला कुठे हात लावला आणि संशय का सोडला, हे लिहायला सांगा. बल्ब बदलून चुकून यश मिळवणाऱ्याला कमी गुण द्यावेत, असे माझे मत आहे. पुष्कळांना ते कठोर वाटते.

धोक्याचेही सांगायला हवे. 12 व्होल्टचा झटका बसत नाही, पण मोटारीची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते. हातातली अंगठी वा घड्याळाचा पट्टा क्षणात लाल होतो. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ ठिणगी नको. शाळेत फ्यूजशिवाय प्रयोग नको, आणि खऱ्या गाडीवर काम करताना बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे. ऋणच का, धन का नाही, हे वरच्या मजकुरावरून तुम्हाला सांगता येईल.

जाता जाता आणखी एक कोडे. त्याच गाडीत डाव्या इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्बही त्याच गंजलेल्या सांध्यावर अवलंबून आहे असे धरा. साइड लाइट बंद, ब्रेक सुटलेला, आणि डावा इंडिकेटर लावला. कोणते तंतू उजळतील, कोणते नाहीत? आकृती काढून, थंड तंतूंचे रोध घेऊन उत्तर लिहा, आणि मगच गाडीपाशी जा.