संबोधनाची विभक्ति

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्या लिहितात, "मी घरगुती पदार्थ करून विकतें. व्हॉट्सॲपवरील समूहांतून रोज जाहिरात धाडतें. सुमारें ३०० लोक ती पाहत असतील, पण मागणी येते तिघांची. शिवाय नातलग मंडळी आतां तुटक बोलूं लागली आहेत. माझें चुकतें कोठें?" प्रश्न व्यापाराचा, आणि विचारला तो आयुष्यभर मुलांकडून विभक्तिप्रत्यय घोकवून घेतलेल्या मास्तरास! तरीहि उत्तर देण्याचें धाडस करतों. कारण माझ्या अल्प समजुतीप्रमाणें ही चूक व्याकरणाची आहे.

संस्कृत व्याकरणांत संबोधनास स्वतंत्र विभक्ति मानीत नाहींत. तें प्रथमेचेंच एक रूप. मराठीच्या शालेय पुस्तकांत तें आठवें म्हणून अगदीं शेवटीं बसवितात, आणि परीक्षेच्या घाईंत विद्यार्थी नेमकें तेंच गाळतात. समाजमाध्यमांवर आपण मोठीं माणसेंहि तेंच करतों. वाक्यांत कर्ता असतो, कर्म असतें, क्रियापद तर असतेंच. ज्यास उद्देशून बोलावयाचें तो मात्र कोठेंच नसतो.

हें मी घरच्या अनुभवावरून सांगत आहें. आमच्या सूनबाईंनीं तीन वर्षांपूर्वीं भाजणी व मेतकूट विकण्यास आरंभ केला, तेव्हां त्यांचीहि रीत हीच होती. कुलबांधवांचा समूह, सोसायटीचा समूह, मुलाच्या शाळेंतील पालकांचा समूह. जेथें प्रवेश, तेथें भाजणीचें चित्र. एके दिवशीं आमच्या एका चुलत-वहिनींनीं समूहांतच लिहिलें, "इथें लग्नमुंजीचीं आमंत्रणें तरी सांपडूं द्या." सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलें. मलाहि वाईट वाटलें. पण वहिनींचें म्हणणें खोटें होतें, असें मला म्हणवेना.

मग त्यांनीं प्रथम दुकान आणि माजघर वेगळें केलें. २०१८ सालीं व्हॉट्सॲप बिझनेस नांवाचें निराळें ॲप निघालें, तें विनामूल्य आहे. त्यावर दुसरा क्रमांक घालून त्यांनीं आपल्या पदार्थांचा कॅटलॉग मांडला: चित्र, वजन, किंमत. किंमत झांकून ठेवून "खाजगींत विचारा" असें लिहिणाऱ्या दुकानदाराविषयीं गिऱ्हाइकाच्या मनांत संशय येतो, तो येथें आपोआप टळला. चित्रेंहि दुसऱ्याचीं उचललेलीं नव्हेत, तर त्याच दिवशीं दळलेल्या भाजणीचीं, खिडकीच्या उजेडांत घेतलेलीं. घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यासहि अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी करावी लागते. ती करून तो क्रमांक पिशवीवर छापला. इन्स्टाग्रामवर अपरिचितांस माल दिसतो, म्हणून तेथें आठवड्यास एखादें चित्र त्या देतात. परंतु तें दुकानाचें दर्शनी दालन होय. खरा व्यवहार आंतल्या बैठकींत, म्हणजे एकेकाशीं बोलण्यांत होतो.

या ॲपमध्यें प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नांवास लेबल लावतां येतें. "तिखट कमी", "लसूण चालत नाहीं", "श्रावणांत उपवासाची भाजणी" अशीं लेबलें सूनबाईंनीं केलीं. पुडी पोंचल्यावर आठ दिवसांनीं त्या नांव घालून विचारतात, "काकू, थालीपीठ खरपूस झालें कां?" एका काकूंनीं उत्तर दिलें, "धने फार झाले." त्या तक्रारीवर वाद न घालतां पुढील खेपेस धने कमी केले, आणि आज तीच भाजणी अधिक खपते. साध्या ब्रॉडकास्ट यादीनें धाडलेला संदेश, ज्यांनीं आपला क्रमांक स्वतःच्या मोबाईलमध्यें नोंदवून ठेवला आहे त्यांनाच पोंचतो. कित्येकांस ही अडचण वाटते; मला ती फार शहाणपणाची अट वाटते. ज्यानें आपलें नांव लिहून ठेवलें नाहीं, त्याच्या दारीं रोज जाऊन हांक मारूं नये. आज सूनबाईंचीं गिऱ्हाइकें साठच आहेत. पण त्यांपैकीं चाळीस पुनः पुनः मागवितात.

एक सावधगिरी मात्र सर्वांनींच बाळगावी. पैसे आपल्याकडे येण्यासाठीं पिन घालावा लागत नाहीं. तो पैसे देतांनाच लागतो. "रक्कम पाठवितों, पिन टाका" असें कोणी म्हणाला, तर तो गिऱ्हाईक नव्हे, हें निश्चित समजावें. फसवणूक झालीच तर विलंब न करतां १९३० या क्रमांकावर कळवावें.

आतां दुसरी बाजू. ज्या संदेशास ना लिहिणारा, ना ज्यास लिहिलें तो, अशा संदेशाचें टोंक कोठवर जातें, हें आपल्या महाराष्ट्रानें पाहिलें आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानें भिक्षेकरी भटक्या समाजांतील पांच निरपराध माणसांस ठार मारलें. ती अफवा मोबाईलवरून हातोहात फिरत होती. पुढें त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एका वेळीं पांचांपेक्षां अधिक ठिकाणीं संदेश पुढें धाडण्यास बंधन घातलें. बंधन यंत्रानें घातलें. विवेक मात्र ज्याचा त्यानें आणावयाचा असतो.

आणि शेवटीं माझा स्वतःचा अपराध सांगतों. आमच्या शाळेंत गणित शिकविणारे माझे एक स्नेही निवृत्तीनंतर मुलाकडे नाशकास गेले. त्यांस व आणखी शंभर जणांस मी रोज सकाळीं फुलांचें चित्र व सुविचार धाडीत असें. मनांत वाटे, स्नेह राखला आहे. पुढें त्यांच्या पत्नी वारल्या. वार्ता निवृत्त शिक्षकांच्या समूहावर आली. जोडलेल्या हातांचीं चाळीस चिन्हें उमटलीं, त्यांत एक माझें. दुसरे दिवशीं पुनः फुलें गेलीं. महिन्याभरानें निवृत्तिवेतनाच्या कांहीं कामासाठीं मीं त्यांस फोन केला. काम सांगून झाल्यावर ते शांतपणें म्हणाले, "गुरुजी, तुमचीं फुलें रोज येतात. तुम्हीं एकदां यावयाचें होतें."

मी दुसऱ्याच दिवशीं एस्. टी.नें नाशकास गेलों. बोलणें फारसें झालें नाहीं. चहा झाल्यावर त्यांनीं मोबाईल काढला आणि पत्नीनें धाडलेला शेवटचा आवाजी निरोप मला ऐकविला. निरोप एवढाच होता: "अहो, येतांना कोथिंबीर आणा." तो त्यांनीं जपून ठेविला आहे, आणि रोज ऐकतात. शंभर जणांस धाडलेले माझे शेंकडों सुविचार त्यांनीं कधींच पुसून टाकले असतील. त्या चार शब्दांच्या वाक्यांतील पहिलेंच पद संबोधनाचें होतें, आणि तें जगांत एकट्या त्यांच्यासाठींच उच्चारलेलें होतें.

तेव्हांपासून मीं फुलें बंद केलीं. रविवारीं सकाळीं चार माणसें निवडतों व एकेकास नांवानें चार ओळी लिहितों. जवळचा असल्यास फोन करतों. पत्र लिहिणाऱ्या भगिनींस माझें सांगणें इतकेंच आहे कीं, उद्यां समूहांवर कांहीं धाडूं नये. आजवर ज्यांनीं आपल्या हातचें खाल्लें, त्या तिघांसच नांव घालून विचारावें, "आवडलें कां? काय कमी होतें?" उत्तर काय येतें, तें मला अवश्य कळवावें, मी वाट पाहीन.