दोन उन्हाळे की दोन वर्षं?

वाशीममध्ये उन्हाळा लागला की कूलरवाल्याची आणि फ्रीजवाल्याची वाट पाहावी लागते. त्यांच्या दुकानात हाताखाली एखादं दहावी झालेलं पोरगं असतं. ते पंप बदलतं, ताट्या नव्या लावतं आणि दोन उन्हाळ्यांत एसीलाही हात घालू लागतं. त्याच्या आईवडिलांशी मला बोलायचं आहे.

कूलर बघून बघून शिकता येतो. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, एवढंच त्याचं शास्त्र. म्हणून आपल्या कोरड्या उन्हात तो चालतो आणि पावसाळी दमट हवेत हात टेकतो. एसी आणि फ्रीजचं तसं नाही. तिथे गॅस बंद नळ्यांत फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेर तो उष्णता सोडून द्रव होतो, आत पुन्हा वायू होताना खोलीतली उष्णता उचलतो. हा गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहेच. तरी गळती न शोधता दर वर्षी नुसता गॅस भरून दिला जातो, याची मला चीड येते. गिऱ्हाईक लुबाडलं जातं आणि पोरगं चुकीचंच काम शिकतं.

त्यात गॅसही बदलले. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर आर-१२ गेला, आर-२२ आपल्याकडे २०३० पर्यंत जवळपास हद्दपार होतो आहे. आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो, म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊबंद. स्प्लिट एसीतला आर-३२ सुद्धा पेट घेऊ शकतो. नळीत गॅस शिल्लक असताना जोडाला टॉर्च लावला तर भडका उडतो. गॅस आधी काढून घ्यायचा, नायट्रोजनने गळती तपासायची, व्हॅक्यूम पंपाने हवा आणि ओल ओढायची, मग काट्यावर तोलून नवा गॅस भरायचा. घाईच्या मोसमात हे शिकवायला उस्तादाला वेळ नसतो.

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. दहावीला गणित आणि विज्ञान लागतं. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. केंद्राच्या २०१९ च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनने एक लाख तंत्रज्ञ शिकवून तयार करायचं ठरवलं होतं. त्यांत आपली पोरंही असायला हवीत.

कामाला मोसम असतो, हे खरं. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसी बारा महिने २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. दूध संकलन केंद्राचा बल्क कूलर बंद पडला तर नुकसान त्याच दिवशी होतं. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. संत्र्यासाठी शीतगृहं आणि थंड गाड्या वाढायच्या तर त्या दुरुस्त करणारे हातही इथलेच लागतील.

हा ट्रेड प्रत्येक आयटीआयत नसतो. म्हणून दहावीचा निकाल लागला की प्रवेशाच्या अर्जात तो कुठे आहे ते नीट पाहा, गरज पडली तर अकोला-अमरावतीचाही पर्याय भरा. आणि मुलीचा अर्जही भरा.