पत्नीची अधीनता आणि पतीचे ऋण

ख्रिस्ती विवाहाच्या उपासनेत पाळकसाहेब उपदेशास उभे राहिले म्हणजे बहुधा पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय उघडला जातो. त्यातील बाविसावे वचन, ज्यात पत्नीस पतीची अधीनता सांगितली आहे, ते नवरीकडे पाहून सावकाश वाचले जाते, आणि पंचविसावे वचन, ज्यात ख्रिस्ताने मंडळीसाठी प्राण दिला तसे पतीने पत्नीसाठी स्वतःस अर्पण करावे असे सांगितले आहे, ते नवरदेवास संसाराच्या चार गोड शब्दांत ऐकविले जाते. या वाचनाच्या पाठीशी एक जुने मत उभे आहे, आणि ते मांडणारे पुष्कळदा प्रामाणिक व शास्त्रपरायण लोक असतात, म्हणून त्यांचा पक्ष प्रथम नीट मांडणे अगत्याचे आहे. त्यांचे म्हणणे असे की, देवाने आदामास आधी व हव्वेस नंतर घडविले, तेव्हा कुटुंबातील अधिकाराचा अनुक्रम सृष्टीबरोबरच ठरला; पौलाने पतीस पत्नीचे मस्तक म्हटले; पेत्राने सारेचा दाखला देऊन ती अब्राहामास धनी म्हणत असे याचे स्मरण करून दिले; आणि व्यवहार पाहिला तरी ज्या घरात अखेरचा शब्द कोणाचा हे ठरलेले नाही, त्या घरात तंटाबखेडा अटळ होय. हा पक्ष आपल्या मंडळ्यांपुरता नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३० च्या आपल्या परिपत्रकात पतीचे श्रेष्ठत्व व पत्नीची अधीनता यांचा पुरस्कार केला, आणि अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट संघाने तर १९९८ साली पत्नीची अधीनता आपल्या अधिकृत श्रद्धानिवेदनात दाखल केली.

आता उत्पत्तीचे पुस्तकच उघडून पाहू. पहिल्या अध्यायात पृथ्वीवरील सत्तेची सनद नर व नारी या दोघांच्याही नावे आहे; पुरुष स्त्रीवर स्वामित्व गाजवील हा उल्लेख प्रथम येतो तो तिसऱ्या अध्यायात, पतनानंतर, आणि तोही काटेकुसळे, घाम व मरण यांच्या पंक्तीत येतो. शेतातील काटे उपटणाऱ्या शेतकऱ्यास देवाज्ञेचा भंग केल्याचा दोष आजवर कोणी दिला नाही. प्रसूतीच्या वेदना कमी करणाऱ्या वैद्यास आपण आशीर्वादच देतो. मग त्या शापाच्या यादीतील पुरुषाची हुकमत हे एकच कलम आपण धर्म म्हणून कवटाळून का बसावे? सारेच्या दाखल्याची हीच गत आहे. तिने नवऱ्यास धनी म्हटले हे खरे, पण त्याच उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात अब्राहाम पेचात पडला असता प्रत्यक्ष देवाने त्यास सारेचे म्हणणे ऐकावयास सांगितले, हेही तितकेच खरे. पहिला दाखला व्यासपीठावरून किती वेळा ऐकला आणि दुसरा किती वेळा, हे वाचकाने स्वतःच आठवून पाहावे.

परंतु वादाचे मर्म इफिसकरांच्या पत्रात आहे. बाविसावे वचन एकविसाव्याच्या खांद्यावर उभे आहे, आणि एकविसाव्यात ख्रिस्ताच्या भयाने सर्वांनी एकमेकांच्या अधीन व्हावे असे सांगितले आहे. हे पत्र ज्या रोमी अमलाखाली लिहिले गेले, तेथे कुटुंबप्रमुखाची सत्ता मुलांवर व गुलामांवर कायद्यानेच चालत असे, आणि पत्नीचे स्थानही त्याच्या खालचेच मानले जाई. पत्नीने अधीन असावे हे इफिस नगरातील कोणत्याही गृहस्थास नवल वाटण्यासारखे नव्हते. नवल होते ते पतीस सांगितलेल्या गोष्टीत, कारण ज्याच्या हाती सारी सत्ता आहे त्यास पौल येथे सत्तेचा एकही नवा हक्क देत नाही, उलट क्रूसावर गेलेल्या धन्याचा कित्ता त्याच्यापुढे ठेवतो. मस्तक या पदाचा अर्थ ठरवावयाचा तो या कित्त्यावरून ठरवावा. आपल्या वाड्यातील मालकाच्या बैठकीवरून नव्हे. शिवाय ज्या उपदेशात पत्नीस अधीन राहावयास सांगितले, त्याच उपदेशाच्या ओघात, सहाव्या अध्यायात, गुलामांस धन्याची आज्ञा पाळावयास सांगितले आहे. गुलामगिरी ही देवाची सनातन व्यवस्था आहे असे आज एकही पाळक म्हणणार नाही. अर्धी यादी काळाच्या हवाली करावी आणि अर्धी स्त्रीच्या गळ्यात बांधावी, हा न्याय नव्हे.

राहिला अखेरच्या शब्दाचा प्रश्न. पतिपत्नींनी एखादी गोष्ट कशी ठरवावी हे पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात उघड सांगतो. तेथे तो पतीच्या देहावर पत्नीचा अधिकार व पत्नीच्या देहावर पतीचा अधिकार सारख्याच तोलाने मांडतो आणि निर्णय परस्पर संमतीवर सोपवितो. मंडळीत स्त्रीने मौन धरावे असे लिहिणारा हाच पौल त्याच पत्रात प्रार्थना व संदेश देणाऱ्या स्त्रीने मस्तक कसे आच्छादावे ते सांगतो, रोमकरांच्या पत्रात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस करतो आणि प्रिस्किल्लेस आपली सहकारी म्हणतो. अपुल्लोसारख्या वक्त्यास प्रभूचा मार्ग अधिक स्पष्ट करून सांगणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती, हे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे.

एकतर्फी वाचनाचे परिणाम उपासनामंदिराच्या भिंतींआड राहत नाहीत. ख्रिस्ती इंग्रज सरकारने १८६९ साली हिंदुस्थानातील ख्रिस्ती लोकांसाठी केलेल्या घटस्फोटाच्या कायद्यात पतीस पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरेसे होते. पत्नीस मात्र पतीचा व्यभिचार सिद्ध करूनही सामान्यतः दाद मिळत नसे, त्यास क्रूरता किंवा दोन वर्षांच्या त्यागाची जोड द्यावी लागे. पतीस पत्नीच्या जाराकडून नुकसानभरपाईची फिर्यादही करता येई, जणू त्याची मिळकतच बिघडली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ साली या भेदावर आघात केला आणि संसदेने २००१ साली कायदा बदलला. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे मारहाण न करणाऱ्या, घर न सोडणाऱ्या, पण व्यभिचारी असणाऱ्या पतीपासून ख्रिस्ती स्त्रीस सहसा सुटका नव्हती, आणि त्या काळातही लग्नात बाविसावे वचन वाचले जातच होते.

दुसरी वाट आपल्या मराठी मंडळीने फार पूर्वी पाहिली आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम येथे असता त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही यावर बिशपांनी प्रतिकूल कौल दिला, तेव्हा आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कोणा धर्माधिकाऱ्याच्या स्वाधीन करणार नाही असे त्यांनी पत्रांतून निक्षून कळविले. त्याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणले, आणि तेथील छापखान्यात त्याचे खिळे जुळविले ते तेथील स्त्रियांनी. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण पतीमागोमाग पत्नीने धर्म बदलावा असा हुकूम त्यांनी सोडला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, एकत्र आल्यावरही आपले सोवळे सांभाळीत राहिल्या, आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. ज्या पतीने अखेरचा शब्द आपल्या हाती ठेवला नाही, त्याचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्याच्या निधनानंतर तिनेच पूर्ण केले. अधीनतेचे पुरस्कर्ते ज्या एकोप्याची हमी हुकमतीकडून मागतात, तो या घरात हुकमतीवाचून नांदला. आणि रोमच्या पीठानेही १९८८ साली, पोप दुसऱ्या जॉन पॉल यांच्या पत्रात, इफिसकरांतील अधीनता ही उभयतांची परस्पर अधीनता होय असे स्पष्ट केले.

म्हणून आमच्या पाळकवर्गास एवढीच विनंती आहे की, येत्या लग्नसराईत बाविसावे वचन वाचावयाचे असेल तर एकविसाव्यापासून आरंभ करावा, तेहतिसाव्यापर्यंत न थांबता जावे, आणि पंचविसाव्याशी आल्यावर नवरदेवाकडे पाहून ते दोनदा वाचावे.