बोलावल्याविना इर्जिक

महाविद्यालयीन तरुणांना सुट्टीच्या काळात पेरू, ब्राझील, कोलंबिया अशा दक्षिण अमेरिकन देशांत ‘सेवे’साठी पाठविण्याचा प्रघात मोठ्या शहरांत आता रुळला आहे. सहा-आठ आठवड्यांचा मुक्काम, संयोजकांचे शुल्क, विमानाचे भाडे, तेथील एखाद्या शाळेत किंवा वस्तीत काही तासांचे काम आणि परतताना हाती एक प्रमाणपत्र, असे त्याचे सर्वसाधारण रूप असते. कोरेगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी, बागायतदारांच्या घरांत, ही हौस पोचायला फार काळ लागेल असे नाही. जाण्यापूर्वी या स्वयंसेवकांची जी ‘पूर्वतयारी’ करून घेतली जाते तिच्यात पीतज्वराची लस, विमा, व्हिसा, सामानाची यादी, पाकीटमारांपासून सावधगिरी आणि रस्ता विचारण्यापुरती स्पॅनिश वाक्ये एवढेच विषय मुख्यतः येतात. ज्याला प्रवास करावयाचा आहे त्याला ही तयारी पुरेशी आहे. ज्याला सेवा करावयाची आहे त्याची तयारी अजून सुरूही झालेली नाही.

आश्चर्य याचे वाटते की, समाजवादी चळवळीत वावरणारी माणसेही या प्रकाराकडे दोनच दृष्टींनी पाहतात. काहींना त्यात आंतरराष्ट्रीय बंधुभाव दिसतो. मुले जग पाहतील, गरिबी पाहतील, त्यांची मने विशाल होतील, असे ते म्हणतात. दुसऱ्यांचा आक्षेप एका वाक्याचा असतो: आधी घरचे बघा, मग पेरू. पहिले म्हणणे भोळे आहे आणि दुसरे आळशी. दोन्ही बाजूंना खरा प्रश्न सुचतच नाही. या मुलांना बोलावले कोणी?

सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून द्यावा लागत नाही. त्याच्याकडे इर्जिकीची रीत होती. ज्याचे रान नांगरायचे राहिले तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावणे धाडी; ते आपापले बैल आणि नांगर घेऊन येत; कोणता तुकडा आधी धरायचा, कोणत्या कडेने तास घालायचे, हे रानाचा धनी सांगे आणि संध्याकाळी सर्वांना जेवू घाली. सावड किंवा पैरा यांत तर हिशेब आणखी काटेकोर. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. न बोलावता कोणी कोणाच्या रानात औत घालीत नसे, आणि घातले असते तर त्याला मदत न म्हणता आगळीक म्हटले गेले असते. परक्याच्या देशात सहा आठवडे औत घालावयास निघालेल्या तरुणाला एवढी साधी मर्यादा कोणी शिकवीत नाही.

हे केवळ जुन्या काळचे कौतुक नव्हे. २०१६ साली पाणी फाउंडेशनने ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही स्पर्धा पहिल्यांदा घेतली तेव्हा राज्यातील तीनच तालुके निवडले होते: अमरावतीतील वरूड, बीडमधील अंबाजोगाई आणि साताऱ्यातील कोरेगाव. पन्नास लाखांचे पहिले पारितोषिक कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने मिळविले. त्या वर्षीच्या कामाची गोडवी पुष्कळ गायली गेली. परंतु स्वयंसेवकांच्या तयारीच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तेथे प्रशिक्षण मिळाले ते पाहुण्यांना नव्हे, गावकऱ्यांना. गावाने निवडून दिलेली माणसे आधी निवासी शिबिरात जाऊन पाणलोटाचे शास्त्र शिकून आली: उतार कसा मोजावयाचा, माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामाचा क्रम का पाळावयाचा, दगडी बांध कोठे आणि मातीचा बांध कोठे. शहरांतून श्रमदानासाठी मंडळी आली ती त्यानंतर. चर खणण्याची जागा गावाने आधीच फक्कीने आखून ठेवलेली होती.

ज्याने हे काम केले आहे त्याला त्या फक्कीची किंमत कळते. समतल चर म्हणजे नावाप्रमाणे सपाटीत असलेला चर. तो एका टोकाला थोडा जरी खाली गेला तरी पावसाचे सारे पाणी त्या टोकाला धावते, तेथला भराव फोडते आणि खालचे चर घेऊन जाते. उत्साही पाहुण्याने आखणी सोडून चार हात पुढे खणले तर त्याने कमी काम केले असे होत नाही. त्याने दुसऱ्याचे केलेले काम बिघडविलेले असते. म्हणून ‘अहो, तिथं नको, फक्कीवर खणा’ असे त्याला दरडावून सांगणारा माणूस शेजारी उभा असावा लागतो, आणि सांगणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या बोलीत अंतर असून चालत नाही.

या स्पर्धेविषयी समाजवाद्यांनी हातचे राखून बोलावे अशीही कारणे आहेत. पाणी ही शासनाची जबाबदारी. तिला गावागावांतील चुरशीचे आणि पारितोषिकाचे स्वरूप देणे हा मार्ग धोक्याचा. शिवाय बांध घातल्याने विहिरीला पाणी वाढते ते विहीर असणाऱ्याच्या. ज्याला जमीनच नाही त्याच्या उन्हातल्या घामाचे मोल काय? वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील अनुभवातून जी रोजगार हमीची कल्पना मांडली, जी १९७२ च्या दुष्काळात लाखोंच्या पोटाचा आधार ठरली आणि ज्यासाठी महाराष्ट्राने १९७७ साली कायदा केला, तिचे सारच हे की दुष्काळात फोडलेल्या खडीला दाम मिळाला पाहिजे. भूमिहीनाचे श्रम म्हणजे त्याची भाकरी. ती दान मागणे हा दानाचा विपर्यास होय. हाच न्याय परदेशी जाणाऱ्या स्वयंसेवकाला लावला म्हणजे दिसते की, त्याने हौसेने रचलेली शाळेची भिंत ही एखाद्या स्थानिक गवंड्याची बुडालेली मजुरी असू शकते. विमानाच्या एका भाड्यात किती गवंड्यांचे किती दिवस भागले असते, हे गणित पूर्वतयारीच्या एकाही पुस्तिकेत घातलेले नसते.

आता ज्या देशांत ही मुले जातात तेथील लोकांकडे पाहावे. पेरू आणि बोलिव्हियाच्या पहाडी मुलखात राहणारे केचुआ आणि आयमारा शेतकरी सामूहिक श्रमाला अनोळखी नाहीत. त्यांच्यात ‘आयनी’ आहे, ती म्हणजे आपली सावड. ‘मिन्का’ आहे, ती बरीचशी इर्जिकीसारखी. डोंगर उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते बांधून पाणी आणि माती अडविण्याची त्यांची विद्या स्पॅनिश लोक तेथे पोचण्यापूर्वीची आहे. त्यांना बांधबंदिस्ती शिकविण्यास कोणी जावे हा विनोद होय. कोरेगावच्या मुलाने शिकण्यास जावे, हे मात्र समजण्यासारखे आहे. आणि २००० साली बोलिव्हियातील कोचाबांबा शहरात पाणीपुरवठा खाजगी कंपनीच्या हाती देऊन दर वाढविले गेले तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांनी सरकारला तो करार रद्द करावयास लावला. पाण्याच्या राजकारणात ज्यांनी एवढी मजल मारली त्यांच्या वस्तीत हात धुण्याचे महत्त्व सांगणारी भित्तिपत्रके चिकटविण्यासाठी दहा हजार मैलांवरून कोणी यावे, याची त्यांना गरज असेल काय?

अर्थात बोलावणे आले एवढ्यानेही भागत नाही. बोलावणारा कोण, हेही पाहावे लागते. आपल्याकडे इर्जिक घालणारा बैलजोडीचा धनी असे. गावकुसाबाहेरच्यांच्या वाट्याला वेठबिगार येई. तिकडेही ‘मिता’ नावाची पाळीने श्रम देण्याची जुनी रीत होती. सोळाव्या शतकात स्पॅनिश सत्तेने तिलाच सक्तीचे रूप देऊन हजारो आदिवासींना पोतोसीच्या चांदीच्या खाणींत लोटले. सहकाराच्या शब्दांत शोषण कसे लपते, हे सातारा जिल्ह्यातील कार्यकर्त्याला निराळे सांगावयास नको. म्हणून स्वयंसेवकाच्या तयारीतील पहिला धडा त्या देशाच्या दारिद्र्याच्या इतिहासाचा हवा: चांदी कोठे गेली, कथिलाच्या खाणींचे १९५२ साली राष्ट्रीयीकरण का झाले, पेरूत १९६९ च्या जमीन सुधारणेने काय बदलले आणि काय राहिले. कूळकायद्याचा इतिहास ठाऊक असलेल्याला तो चटकन उमगेल. तो ठाऊक नसलेल्याला दोन्हीकडचे काहीच उमगणार नाही.

तयारीच्या या प्रश्नावर सर्वांत कठोर बोलणारा माणूस तयारी करून घेण्याच्याच व्यवसायात होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इव्हान इलिच या धर्मगुरूने १९६१ पासून मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्या उत्तर अमेरिकन धर्मसेवकांना व स्वयंसेवकांना स्पॅनिश आणि तेथील समाजजीवन शिकविण्याचे केंद्र चालविले. एप्रिल १९६८ मध्ये, मेक्सिकोतील खेड्यांत सुट्टीत सेवाकार्य करावयास निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे त्याला भाषणासाठी बोलावले. त्याने त्यांना घरी परतावयास सांगितले. पाहावयास या, शिकावयास या, पण मदत करावयास येऊ नका, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. आणि गरिबांतच काम करावयाचे असेल तर निदान अशा गरिबांत करा, ज्यांना तुमच्या भाषेत तुम्हांला ‘चालते व्हा’ म्हणता येईल. फक्की सोडून खणणाऱ्याला दरडावणारा गावकरी आणि इलिचची ही कसोटी यांत तत्त्वतः फरक नाही.

ज्यांना ही टीका अतिरेकी वाटते त्यांनी अमेरिकेच्या पीस कोअरचा इतिहास पाहावा. पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन कुक्कुटपालनापासून इंग्रजी शिकविण्यापर्यंत कोणत्याही कामाला जुंपले जाई. भारतातही १९६१ ते १९७६ या काळात ते आले. बोलिव्हियात त्यांच्यावर आदिवासी स्त्रियांची संमतीविना नसबंदी केल्याचे आरोप झाले, १९६९ साली त्यावर ‘यावार माल्कू’ हा चित्रपट निघाला आणि १९७१ साली त्यांना देश सोडावा लागला. आरोप कितपत खरे याविषयी वाद आहे. परंतु वर्षानुवर्षे आपल्यात राहिलेल्या मदतनिसांविषयी एक अख्खा समाज असे काही खरे मानावयास तयार होतो, यातच त्या मदतीचा निकाल लागलेला असतो.

मग परक्याने कोठे जाऊच नये काय? कोरेगावच्या शेजारी फलटण आहे. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन बाई १९६० च्या दशकात तेथे आल्या त्या सेवेसाठी नव्हे, मराठीच्या भाषाशास्त्रीय अभ्यासासाठी. त्या गावाची बोली शिकल्या, तेथेच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि दलित वस्तीतील मुलांना वाचता येत नाही हे पाहून त्यांना वाचावयास शिकविण्यापासून जे काम उभे राहिले त्यातून प्रगत शिक्षण संस्था आकाराला आली. आधी शिकणे, मग ऐकणे, मग राहणे. शिकविणे सर्वांत शेवटी. सहा आठवड्यांच्या कार्यक्रमात हा क्रम नेमका उलटा असतो.

‘आधी घरचे बघा’ म्हणणाऱ्यांनी सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांना काय सांगितले असते? १९३८ साली सोलापुरात रोगराई नव्हती असे नाही. देश गुलामीत होता. तरीही जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधून सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले, काँग्रेस अध्यक्ष सुभाषबाबूंनी पुढाकार घेतला, लोकांनी वर्गणी दिली आणि पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले; त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे दोन महाराष्ट्रीय होते. मागणी डॉक्टरांची होती आणि गेले ते डॉक्टरच. कोटणीस तेथे गेल्यावर चिनी भाषा शिकले, आठव्या राह सेनेच्या शिस्तीत तिच्या हुकमाखाली राबले, तिच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. आधी घर आणि मग जग, असा हिशेब त्या पिढीने मांडला नाही. पण बोलावल्याविना ती गेली नाही, आणि गेल्यावर आपली सत्ता चालवावयास बसली नाही.

तेव्हा पक्षाच्या किंवा युवक संघटनेच्या वतीने असे एखादे पथक पाठविण्याचा विचार पुढे आलाच, तर त्याची तयारी विमानतळापासून नव्हे, निमंत्रणाच्या पत्रापासून सुरू व्हावी. ते पत्र तेथील शेतकरी संघटनेचे, कामगार संघाचे किंवा ग्रामसभेचे असावे. मधल्या दलालाचे नसावे. त्यात कोणते काम व कोणत्या कौशल्याची माणसे हवीत हे लिहिलेले असावे. ते कौशल्य नसेल तर नाही म्हणण्याचे धैर्य असावे. स्पॅनिश तर यावीच, पण पहाडी खेड्यांत ती अनेकांना कचेरीची भाषा वाटते, हेही ठाऊक असावे. बोलिव्हियाच्या २००९ च्या राज्यघटनेने स्पॅनिशबरोबर ३६ आदिवासी भाषांना राजभाषेचा मान दिला तो उगीच नव्हे. जाणाऱ्याने त्याआधी एक पूर्ण उन्हाळा उत्तर कोरेगावच्या एखाद्या माळावर, गावच्या माणसाच्या हुकमाखाली, छायाचित्राविना काढलेला असावा. तेथे ज्याला चुकीबद्दल बोलणी खाता आली नाहीत त्याला आयमारा बाईची नापसंती समजणार नाही; ती तर बहुधा बोलणारही नाही.

आणि सावडीचा दुसरा अर्धा भाग उरतोच. आज तुझे रान, उद्या माझे. पायऱ्यांच्या शेतीची विद्या जाणणारा पेरूचा शेतकरी, कोचाबांबाच्या लढ्यातील एखादी कार्यकर्ती, यांनी कोरेगावला यावे, वेळूचे चर पाहावे, कोठे चुकले ते सांगावे, वाठारच्या बाजूच्या कोरड्या विहिरींच्या काठावर बसून पाणी कोणाच्या मालकीचे यावर गावाशी वाद घालावा. तशी तरतूद या सेवासहलींच्या अंदाजपत्रकांत दिसत नाही. संयोजकांनी पुढच्या वर्षीच्या शुल्काचे पत्रक काढण्यापूर्वी त्या प्रवासखर्चाचा आकडा त्यात घालून दाखवावा.