इंटरव्ह्यूची टेस्ट की फुकटची वेठ?

परवा ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. सांगलीहून पुण्यात आलेली, ग्राफिक डिझाइन शिकलेली, तीन महिने नोकरी शोधतेय. "दादा, इंटरव्ह्यूची तयारी कशी करू?" मी नेहमीचं सुरू केलं. पोर्टफोलिओत आठ-दहाच कामं ठेव, प्रत्येकामागचा विचार दोन वाक्यांत सांगता यायला हवा, कंपनीचं आधीचं काम बघून जा...

ती मध्येच म्हणाली, "ते झालंय. त्यांनी टेस्ट दिलीय. एका मसाल्याच्या ब्रँडचा लोगो, चार पाकिटं आणि महिनाभराच्या इन्स्टाग्राम पोस्ट. सोमवारपर्यंत. ओपन फाइल्ससकट."

मी विचारलं, पैसे? ती नुसती हसली.

मंडळी, याला टेस्ट म्हणत नाहीत. हे काम आहे, आणि बाजारात त्याचं बिल होतं. लग्नाच्या आचाऱ्याला कुणी म्हणतं का, आधी दोनशे पानांची पंगत उठवून दाखवा, आवडलं तर पुढच्या लग्नाला बोलावू?

"पण टेस्टशिवाय कळणार कसं?" कळतं की! पोर्टफोलिओ समोर ठेवा आणि विचारा: हाच फॉन्ट का? क्लायंटने आधी काय नाकारलं? स्क्रीनवरचा रंग छापल्यावर का बदलला? ज्याने स्वतः केलंय आणि ज्याने उचललंय, ते अर्ध्या तासात वेगळे दिसतात. तरी शंका असेल तर ऑफिसात बसवून तासाभराचा काल्पनिक विषय द्या. त्याहून जास्त हवं असेल तर पैसे मोजा. चालू क्लायंटचं ब्रीफ देऊन ओपन फाइल मागता, तेव्हा तुम्हाला माणूस पारखायचा नसतो, काम उरकायचं असतं.

"मग नाही म्हणायचं ना!" बोलायला काय जातंय? खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि दर रविवारी घरून येणारा "झालं का काही?" हा प्रश्न, हे ज्याच्या डोक्यावर आहे त्याने नकार कसा द्यावा?

पण एवढं तरी माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कामाचा पहिला मालक ते करणारा असतो. नोकरीत असताना केलेलं काम मालकाचं, हे खरं. पण तुम्ही अजून नोकरीत आहात कुठे? कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी लागतं, तुमच्या सहीनिशी. म्हणून टेस्टबरोबर कागद आला तर वाचल्याशिवाय सही नको. ओपन फाइल देऊ नका. लहान पीडीएफ पाठवा, प्रत्येक पानावर नाव टाका, आणि मेलमध्ये लिहा: "फक्त निवडीसाठी, वापरायचं असल्यास मोबदला ठरवू."

तिने तसंच केलं. लोगो आणि एकच पाकीट पाठवलं. आठवडा झाला, उत्तर नाही.

खरा राग वेगळाच आहे. या टेस्ट काढतं कोण? बऱ्याचदा आपल्यातलेच सीनियर डिझायनर. "आम्हीपण दिल्या होत्या की!" म्हणणारे. सासूने छळलं म्हणून सुनेला छळायचं, तसला हा न्याय. पुढच्या वेळी टेस्टचं ब्रीफ लिहाल तेव्हा खाली रक्कमही लिहा. ती लिहायला हात जड होत असेल, तर ब्रीफ पाठवूच नका.