जडसंग्रहातील संगणक

आर्थिक वर्ष संपत आले की शाळा-महाविद्यालयांत जडसंग्रह नोंदवहीची तपासणी सुरू होते. मोडकी बाके आणि गंजलेली कपाटे यांच्याबरोबर निकामी यंत्रांचीही यादी होते, निर्लेखनाचा ठराव होतो आणि सारे वजनावर भंगारात जाते. या यादीत क्वचित १९८०च्या दशकातील एखादा संगणकही असतो. तो आज चालत नाही, एवढ्यावरून तो टाकाऊ ठरविणे कितपत योग्य आहे, याचा विचार व्हावयास हवा.

ही यंत्रे शाळांत आली ती सार्वजनिक पैशातून. केंद्र सरकारने १९८४-८५ साली ‘क्लास’ हा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प २५० शाळांत सुरू केला आणि त्यासाठी ‘बीबीसी मायक्रो’ हा ब्रिटिश संगणक निवडला. पुढे १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने ‘स्पेक्ट्रम’ या घरगुती संगणकाची परवान्याखालील आवृत्ती बाजारात आणली. घरचा दूरदर्शन संच हाच तिचा पडदा होता आणि घरचा टेपरेकॉर्डर हेच तिचे भांडार.

यातील अर्थशास्त्र लक्षात घेण्याजोगे आहे. त्या काळी चकतीवर माहिती साठविणारे यंत्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होते. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट मात्र भजनांच्या आणि चित्रपटगीतांच्या निमित्ताने गल्लोगल्ली पोहोचली होती. संगीताच्या बाजारपेठेने उभारलेल्या व्यवस्थेवर संगणकाने आपला संसार थाटला.

कार्यपद्धतीही सोपी होती. संगणकाची सारी भाषा शून्य आणि एक या दोन चिन्हांची. बीबीसी मायक्रोमध्ये शून्यासाठी सेकंदाला १२०० आवर्तनांचा आणि एकासाठी २४०० आवर्तनांचा स्वर योजलेला होता. सेकंदाला फार तर १२० अक्षरे आत जात. वीस हजार अक्षरांच्या आज्ञावलीला तीन मिनिटे सहज लागत. कानाला ती नुसती किरकिर वाटे, पण संगणकाला तो पाठ होता. नेदरलँड्स आणि युगोस्लाव्हिया या देशांत तर १९८०च्या दशकात नभोवाणीवरून अशा आज्ञावली प्रक्षेपित होत आणि श्रोते त्या घरी ध्वनिमुद्रित करून घेत.

आवाज कोठून येतो, याच्याशी या संगणकाला कर्तव्य नसते. म्हणूनच कॅसेट झिजली तरी तिच्यातील ध्वनी भ्रमणध्वनीतून ऐकवून तो आजही चालविता येतो. त्यासाठी बहुधा योग्य जोडणीची एक तार पुरते. १९८६च्या ‘स्पेक्ट्रम प्लस टू’सारख्या यंत्रांत टेपरेकॉर्डर आतच बसविलेला असून बाहेरचा आवाज घेण्याची सोय नाही, तेथे मात्र झाकण उघडून एक लहान खोबण डाखाने जोडावी लागते. जुना वीजपुरवठा जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय कोणतेही यंत्र सुरू करू नये, हे पथ्य अर्थातच पाळावयास हवे.

यावर आक्षेप असा की, जुन्या आज्ञावली आजच्या संगणकावर नक्कल-प्रणालीने चालू शकतात. मग हा खटाटोप कशाला? आक्षेप निराधार नाही. पण नक्कल-प्रणाली निकाल दाखविते, रीत दाखवीत नाही. आवाज कमी पडला तर आज्ञावली का चढत नाही, हे विद्यार्थ्याला त्या तारेशी झगडूनच कळते. आजची बहुतेक उपकरणे डिंकाने चिकटवून बंद केलेली असतात. ग्राहकाला दुरुस्तीचा हक्क मिळावा म्हणून केंद्र सरकारला डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र संकेतस्थळ उघडावे लागले. परंतु झाकण उघडण्याचे धैर्य शिक्षणातून आले नाही, तर तो हक्क कागदावरच राहील.

नागपुरात या कामासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे नागपूरकरांचा ‘अजब बंगला’, येथे आहे. १९९२ मध्ये उघडलेले रमण विज्ञान केंद्र आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत आणि सीताबर्डीत डाखकामात हात बसलेले कारागीरही आहेत. शाळांनी निर्लेखनापूर्वी यादीवर एकदा नजर टाकावी, चालू होण्याजोगे यंत्र राखावे आणि सर्वांत आधी कॅसेटींतील ध्वनी मूळ गुणवत्तेत उतरवून घ्यावा. कारण यंत्राचा सुटा भाग पुन्हा मिळू शकेल, फितीवरून पुसलेला स्वर मिळणार नाही. त्या फितींत एखाद्या शिक्षकाने आपल्या वर्गासाठी लिहिलेला गणिताचा पाठही असू शकेल. भंगाराच्या तराजूत त्याचे वजन शून्यच भरते.